घाई न करणारी हिरवळ

श्रावणात कधी रत्नागिरीला गेलात, तर तिथल्या एखाद्या गडग्यापाशी दोन मिनिटं उभे राहा. गडगा म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे एकावर एक रचून केलेलं कुंपण. एप्रिल-मे महिन्यांत हाच गडगा तांबडा, काळपट आणि रखरखीत असतो. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या गावात मृगाच्या सरी सुरू झाल्या, की दगडावर हिरवीगार मखमल चढते. हात लावून बघा, कशी गार आणि मऊ! ही मखमल कुणी पेरत नाही, तिला कुणी खतपाणी घालत नाही.

ती पाहिली, की ज्यांच्या घरी माशांची काचपेटी आहे त्यांच्या मनात हमखास एक प्रश्न उभा राहतो. आपल्या पेटीतली ती भडक हिरवी प्लॅस्टिकची झाडं काढून तिथं खरंखुरं मॉस आणि खरंखुरं गवत नाही का वाढवता येणार?

येईल की! त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. एक गोष्ट मात्र लागते आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे आपले हात आवरायची सवय! का, ते आज पाहू या.

शेवाळ वेगळं, मॉस वेगळं

आपण मराठीत दोन अगदी निराळ्या गोष्टींना एकच नाव देऊन मोकळे झालो आहोत. पावसात पाखाडीच्या पायरीवरून सटकन पाय घसरतो, ते शेवाळ. आणि गडग्यावरची मखमल, तेही शेवाळच! आता एक भिंग घ्या आणि दोन्हींकडे नीट पाहा. पायरीवरचा तो बुळबुळीत थर म्हणजे शैवाल. त्याला ना खोड, ना पान. मखमलीत मात्र तुम्हाला इवली इवली खोडं आणि त्यांवर इवली इवली पानं दिसतील. हे झालं मॉस. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘ब्रायोफायटा’ नावाचा गट आहे ना, त्यातलं.

मॉसला खरी मुळं नसतात. असतात ते मुळांसारखे दिसणारे धागे, म्हणजे मूलाभ. त्यांचं मुख्य काम दगडाला धरून राहण्याचं. पाणी आणि क्षार मॉस आपल्या सगळ्या अंगानंच शोषून घेतं. म्हणून त्याला माती लागत नाही, दगड चालतो, लाकूडही चालतं. पुनरुत्पादनासाठी मात्र त्याला पाणी लागतंच. म्हणून तर या गटाला ‘वनस्पतीसृष्टीचे उभयचर’ म्हणतात.

हा फरक आधीच का सांगितला? कारण आपल्या पेटीत मॉस हा बोलावलेला पाहुणा आहे आणि शैवाल हा न बोलावता येणारा. दोघांची पोटं भरतात ती एकाच ताटातून, म्हणजे उजेड आणि पाण्यातले क्षार यांवर. शैवाल भराभर जेवतं, मॉस सावकाश. वाढप जास्त झालं, की कोणाचं फावणार, सांगा बरं?

गडग्यावरचं मॉस चालेल का?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच! गडग्यावरच्या मॉसला भिजायची आणि मग सुकायची सवय असते. ते कायमचं पाण्याखाली बुडवलं, तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत तपकिरी पडतं आणि कुजतं. पाणी खराब होतं ते वेगळंच. त्यापेक्षा जॅमच्या रिकाम्या बरणीत थोडी ओलसर माती घालून त्यावर तळहाताएवढा तुकडा ठेवा. तिथं ते मजेत राहील.

त्याची एक गंमत मात्र जरूर करून पाहा. उन्हाळ्यात भिंतीवरचं वाळून गेलेलं, मेल्यासारखं दिसणारं मॉस शोधा आणि त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. भिंतींवर सर्रास आढळणारं हायोफिला नावाचं मॉस असेल, तर त्याची आत वळलेली पानं बघता बघता उलगडतात आणि तपकिरीचा हिरवा रंग होतो. मेलेलं नव्हतंच ते, नुसतं थांबलं होतं!

पेटीसाठी मागायचं ते जावा मॉस. मासे विकणाऱ्या दुकानात ते मिळतं, किंवा एखाद्या मित्राच्या पेटीतून चिमूटभर मिळालं तरी पुरतं. नाव ‘जावा’ असलं, तरी त्याची एक गंमतच आहे. जावा बेटावर सापडलेल्या एका मॉसचं शास्त्रीय नाव याला कित्येक वर्षं चिकटलेलं होतं. पुढे तज्ज्ञांनी नीट तपासलं, तेव्हा हे दुसरंच मॉस निघालं! आज त्याला टॅक्सिफायलम बार्बिएरी म्हणतात. दुकानात मात्र अजून जावा मॉसच!

गवतासाठी मागायचं ते हेअरग्रास. केसांसारखी बारीक पाती म्हणून हे नाव. खरं तर हे गवत नव्हेच. ते आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. पण पसरतं कसं, तर थेट आपल्या हरळीसारखं! गणपतीसाठी दूर्वा खुडताना तुम्ही पाहिलं असेल, हरळी जमिनीसरशी एक धावतं खोड सोडते. त्या खोडाच्या पेरापाशी मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. हेअरग्रास हेच वाळूच्या आत, आपल्याला दिसू न देता करतं.

पायाखालचा खजिना

आता पेटीची तयारी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी धरू. तीत साधारण छप्पन लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन छप्पन किलो! त्यात वाळू, दगड आणि काच. तेव्हा डगमगणाऱ्या स्टुलावर पेटी ठेवायची नाही. ऊन थेट पडेल अशा खिडकीतही नाही.

समुद्रकाठच्या मुलांना वाटतं, वाळू तर काय, दारातच आहे. रत्नागिरीत तर पांढरा समुद्रही आहे आणि मांडवीला काळी वाळूही! पण थांबा. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. खात्री करायची असेल, तर चमचाभर वाळूवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं, की समजा त्यात शिंपला आहे. आपल्याला हवी न फसफसणारी, बारीक खड्याची, गोड्या पाण्यातली वाळू. घराच्या बांधकामासाठी आणलेल्या ढिगातून विचारून घेतलेली चाळणभर वाळूही चालेल. पाणी नितळ दिसेपर्यंत ती धुवा. दहा वेळा धुवावी लागली, तरी कंटाळू नका.

आणि आता जांभ्या दगडाची गोष्ट ऐका. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरानं केरळात अंगाडिपुरम या गावाजवळ हा दगड पाहिला. खाणीत असताना मऊ, हत्यारानं कापता येतो. हवा लागली, की कडक होतो आणि विटेसारखा वापरता येतो! लॅटिन भाषेत विटेला ‘लेटर’ म्हणतात. त्यावरून त्यानं १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. याचा तांबडा रंग येतो तो लोहामुळे.

पुढे १९८०च्या दशकात जर्मनीत कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर या दोघांनी पेटीतल्या पाणवनस्पतींवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलं, की वाळूच्या खालच्या थरात लॅटराइट मिसळा, मुळांना लोह मिळेल. झालं! परदेशात लॅटराइटची पाकिटं विकली जाऊ लागली. रत्नागिरीकर ज्याच्यावरून रोज चालतात, ज्याची घरं बांधतात, तेच पाकिटात!

तेव्हा आपणही हा प्रयोग करू. जांभ्याचा थोडा भुगा चांगला धुऊन तळाशी पातळ पसरा आणि वर दोन इंच वाळू. एकदा घातला, की मग मात्र उकरायचं नाही, नाहीतर सगळी पेटी लालेलाल! जांभ्याचे दोनचार तुकडेही घासून, धुऊन ठेवा. दगड भोकाभोकांचा असतो, त्यामुळे मॉसला पकड छान मिळते.

नळाचं पाणी वापरणार असाल, तर बादलीत एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. विहिरीचं पाणी असेल, तर ही कटकट नाही.

बांधा, लावा आणि सोडून द्या

मॉस लावायचं नसतं, बांधायचं असतं. दगडावर मॉसचा अगदी पातळ थर पसरा. इतका पातळ, की खालचा दगड मधून मधून दिसला पाहिजे. जाड थर दिला, तर खालच्या मॉसला उजेड मिळत नाही आणि ते कुजतं. मग शिवणकामाचा साधा सुती दोरा सैलसर गुंडाळा. नायलॉनचा नको. सुती दोरा काही आठवड्यांनी आपोआप कुजून जातो, आणि तोवर मॉसनं दगड धरलेला असतो.

हेअरग्रासचा गड्डा आणलात, तर तो तसाच खोचू नका. हलक्या हातानं सोडवून पाच-सहा पात्यांचे छोटे झुबके करा. लांब चिमट्यानं एकेक झुबका वाळूत खोचा. दोन झुबक्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा.

आता सावध राहा, कारण इथंच पुष्कळांचा धीर सुटतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हेअरग्रासची पाती पिवळी पडू लागतात. “मेलं वाटतं!” म्हणून मुलं ते उपटून टाकतात. खरी गोष्ट अशी असते, की दुकानात येणारं हे गवत पुष्कळदा हवेत वाढवलेलं असतं. पाण्याखाली गेल्यावर जुनी पाती निकामी होतात आणि ते पाण्यात जगणारी नवी पाती काढू लागतं. जणू पावसाळ्यासाठी कपडे बदलतंय! मुळाशी नीट पाहिलंत, तर हिरवी टोकं दिसतील. क्रिप्टोकोराईन नावाच्या सावकाश वाढणाऱ्या पाणवनस्पतींचं तर याहून नवल. त्यांतल्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांकाठीही रानटी उगवतात. पेटीत त्यांची जागा बदलली, की सगळी पानं विरघळून जातात. उरतं ते वाळूतलं खोडमूळ. आणि धीर धरला, की त्यातूनच पुन्हा पानं येतात. ज्यानं ‘गेलं’ म्हणून फेकलं, त्यानं जिवंत रोप फेकलं.

चक्रवाढीचं गणित

“पण ही मंडळी इतकी हळू का वाढतात?” असं तुम्ही म्हणाल. चला, जरा वही-पेन्सिल घ्या.

समजा, आपण हेअरग्रासचे १० झुबके लावले. प्रत्येकानं एक चौरस सेंटिमीटर जागा व्यापली. आणि समजा, दर तीन आठवड्यांनी ती जागा दुप्पट होते. तीन आठवड्यांनी २०, सहानी ४०, नवानी ८०, बारानी १६०. आपल्या पेटीचा तळ किती? साठ गुणिले तीस, म्हणजे १८०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे बारा आठवडे, तब्बल तीन महिने थांबूनही तळाचा दहावा हिस्सासुद्धा भरलेला नाही! शेजारचा मित्र म्हणणार, “काय रे, तुझं गवत वाढतच नाही!”

पण पुढचे आकडे मांडा. पंधरा आठवड्यांनी ३२०. अठरानी ६४०. एकविसानी १२८०, म्हणजे जवळजवळ पाऊण तळ हिरवा. आणि चोविसावा आठवडा यायच्या आतच गवताला जागा पुरेनाशी होते! आठवीत चक्रवाढ व्याज शिकलात ना? तेच हे. पहिली तीन महिने शिल्लक दिसत नाही, कारण मुद्दल लहान असतं. नंतर तेच मुद्दल धावायला लागतं.

खरं गवत अगदी असं आकड्यांबरहुकूम वाढत नाही, हे उघड आहे. पण वाढीची तऱ्हा हीच. आता विचार करा. “मुळं धरलीत का बघू,” म्हणून एकानं पाचव्या आठवड्यात झुबके उपटून पाहिले आणि परत खोचले. काय झालं? नाजूक धावती खोडं तुटली. मुद्दल पुन्हा दहावर! दर महिन्याला असं केलं, तर वर्षभरानंही पेटी रिकामीच दिसणार. रोप हळू वाढत नव्हतं, आपणच त्याला दर वेळी पहिल्या पायरीवर आणून बसवत होतो. हात आवरायची सवय लागते म्हटलं, ती यासाठी.

घाई कुठे कुठे लपते?

उपटून पाहणं ही उघड घाई. काही घाया मात्र गुपचूप येतात.

एक म्हणजे दिव्याची घाई. “जास्त उजेड दिला, तर लवकर वाढेल,” असं वाटून आपण दिवा बारा-चौदा तास चालू ठेवतो. मॉस तर आपल्या चालीनंच वाढतं. मग उरलेला उजेड कोण खातं? शैवाल! आठ-दहा दिवसांत काचा हिरव्या, मॉसवर केसाळ जाळी. जोरात वाढणाऱ्या वनस्पती जुनी पानं टाकून नवी काढतात. हळू वाढणाऱ्यांचं तेच पान महिनोन्‌महिने टिकायचं असतं, म्हणून त्यावर शैवाल ठाण मांडून बसतं. तेव्हा दिवा दिवसाला सहा-सात तास आणि रोज त्याच वेळी. बस्स.

दुसरी माशांची घाई. पेटी भरली, की त्याच संध्याकाळी दहा मासे आणायचे! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. वाळूत आणि दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना पुष्कळ कमी घातक असतं आणि वनस्पतींना ते खत म्हणून उपयोगी पडतं. पण हे जिवाणू पुरेसे वाढायला तीन-चार आठवडे तरी लागतात. म्हणून आधी वनस्पती, मग महिनाभरानं दोन-चार मासे.

तिसरी खाऊ घालायची घाई. मासे काचेपाशी येऊन तोंडं हलवतात, आपल्याला दया येते आणि आपण चिमटीवर चिमटी टाकत राहतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदला. ते काढलेलं पाणी गटारात नको. कुंडीतल्या जास्वंदीला घाला, आवडेल तिला.

एक युक्तीही सांगून ठेवू. पहिले दोन महिने पेटीत हायड्रिलाच्या चार काड्या सोडा. हो, तेच हायड्रिला, प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली बुडबुडे सोडणारं! ते भराभर वाढतं आणि पाण्यातले जास्तीचे क्षार खाऊन टाकतं. शैवाल उपाशी राहतं. मॉस आणि गवतानं बस्तान बसवलं, की हायड्रिला हळूहळू काढून घ्या.

आणि मॉसचा उपयोग काय विचाराल, तर गप्पी पाळा! डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत सोडतात, तेच गप्पी मासे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, साधारण महिन्यानं जिवंत पिल्लं देते. पण मोठे मासे, आईसुद्धा, ती पिल्लं गट्ट करतात! दाट मॉस असेल, तर पिल्लं त्यात शिरून लपतात. मॉसवरचे सूक्ष्म जीवही त्यांना खायला मिळतात. सहा महिन्यांची तुमची वाट पाहणी अशी कुणाचा तरी जीव वाचवते.

जपानमध्ये ताकाशी अमानो नावाचे छायाचित्रकार होऊन गेले (१९५४ ते २०१५). तरुणपणी ते व्यावसायिक सायकलपटू होते. पेटीत प्लॅस्टिकचे किल्ले न ठेवता दगड, लाकूड, मॉस आणि गवत यांतून रानच उभं करायचं, ही पद्धत त्यांनी जगभर लोकप्रिय केली. शैवाल खायला त्यांनी एक लहानशी कोळंबी पेटीत आणली. आज लोक तिला ‘अमानो कोळंबी’च म्हणतात. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ साली त्यांनी चाळीस मीटर लांबीची पेटी सजवली. तिथंही सुरुवात झाली ती रोपं एकेक करून लावण्यापासूनच!

सड्यावरून नको, पऱ्यात नको

आता सगळ्यांत महत्त्वाचं.

रत्नागिरीच्या आसपास जांभ्या दगडाची उघडी पठारं आहेत. त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात तिथं चिटपाखरू नसतं. पावसाळ्यात मात्र खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात गवतासारखे छोटे छोटे झुबके उगवतात, वर पांढऱ्या गोंड्यांची फुलं. ही एरिओकॉलनची, म्हणजे गेंदाची जात. त्यातल्या एका प्रकाराचं तर नावच एरिओकॉलन रत्नागिरिकम! पेटीत लावायला अगदी हवेत तसे दिसतात ते झुबके. मोह होतोच.

पण हे झुबके उपटू नका. यांतल्या पुष्कळ वनस्पतींचं आयुष्य एका पावसाळ्याचं. खळगे सुकायच्या आत त्यांना उगवायचं असतं, फुलायचं असतं आणि बी टाकायचं असतं. फुलायच्या आधी एक झुबका उचलला, तर पुढच्या वर्षीचं त्याचं सगळं बी गेलं. शिवाय चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामं यांमुळे सडे आधीच आक्रसत चालले आहेत. तिथं जा, गुडघे टेकून पाहा, चित्र काढा आणि रिकाम्या हातानं परत या.

याची दुसरी बाजूही आहे. पेटीतलं छाटलेलं मॉस, जास्तीचं गवत, नकोसे झालेले मासे ओढ्यात, म्हणजे पऱ्यात, नाहीतर तळ्यात टाकायचे नाहीत. मघाचं दुपटीचं गणित आठवा. पेटीत ते आनंदाचं असतं, कारण तिला चार भिंती आहेत. तळ्याला कुठल्या भिंती? जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून माणसांनीच ती देशोदेशी नेली. आज पुण्याजवळच्या पवना आणि इंद्रायणी नद्यांचं काय झालंय, ते तिकडच्या मुलांना विचारा. आणि आपलं साधं हायड्रिला? १९५०च्या दशकात शोभेच्या पेट्यांसाठी ते अमेरिकेत फ्लोरिडाला गेलं, तिथून बाहेरच्या पाण्यात सुटलं आणि तिथली तळी आणि कालवे त्यानं भरून टाकले. ते आवरायला तिथं अजून खर्च चालूच आहे. मॉसचा तर तुटका तुकडाही पुन्हा वाढू शकतो. म्हणून छाटलेलं सगळं उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच झाडाच्या बुंध्याशी टाका.

आईबाबांसाठी चार ओळी

दिवा आणि पंप यांच्या वायरी मोठ्यांनी जोडाव्यात. पेटीत हात घालण्यापूर्वी बटण बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांसाठी. पावसात वीज गेली, तर घाबरू नका. मासे मोजके असले, तर पंपाशिवाय काही तास निभावतं. मात्र रात्री वनस्पतीही माशांसारखाच ऑक्सिजन घेतात, म्हणून पेटीत दाटी नको. मे महिन्यात पाणी फार तापलं, तर मॉसची वाढ थांबल्यासारखी होते. पेटी गार कोपऱ्यात ठेवा आणि उडून गेलेलं पाणी भरत राहा. सुट्टीत रत्नागिरीला आलात, तर कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. आणि दुसऱ्या महिन्यात मूल कंटाळलं, तर “दे टाकून” असं म्हणू नका. त्याच्याबरोबर काचेसमोर पाच मिनिटं बसा.

करून पाहा

आलेखाच्या कागदाचा एक तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून चिकटवा. त्याच्या पुढ्यात मॉसचा दगड ठेवा. दर रविवारी, त्याच जागी बसून, मॉसनं किती चौकोन झाकले ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. गवताचे झुबके वरून मोजा. पहिले चार रविवार आकडा बहुधा हलणारच नाही. तरीही लिहा. दहाव्या रविवारी आलेख काढा आणि रेघ कुठे वर वळते ते शोधा.

तोवर झुबके उपटून बघायचे नाहीत हं!